रास इम्रूंची साक्ष आणि आंजेलो देल बोका

सोमवार, रात्री

आंजेलो देल बोका हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नाही. मला मात्र गेले काही महिने या माणसाने झपाटलंय. १९२५ मध्ये नोव्हारात जन्म, २०२१ च्या जुलैत तुरिनमध्ये मृत्यू. पत्रकार म्हणून सुरुवात केली आणि इतिहासकार म्हणून नाव झालं. मधली पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. इटलीने आफ्रिकेत काय करून ठेवलं, ते इटलीच्या लोकांना त्यांच्याच भाषेत सांगायचं.

तरुणपणी मुसोलिनीच्या शेवटच्या राजवटीने त्यांना फौजेत ओढलं आणि प्रशिक्षणाला जर्मनीत धाडलं. १९४४ मध्ये इटलीत परत आणल्यावर ते पळाले आणि पिआचेंझाजवळच्या डोंगरात फॅसिस्टांशी लढणाऱ्या पार्टिझान तुकड्यांना जाऊन मिळाले. (त्याच वर्षी आपली मराठा लाइट इन्फंट्रीही इटलीतच लढत होती. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात पडले ते १० जुलै १९४४ ला. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल शाळेत असताना ऐकलं होतं. ते लढले त्या देशात तेव्हा आणखी काय चाललं होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.)

युद्धानंतर देल बोका 'गाझेत्ता देल पोपोलो' या तुरिनच्या दैनिकात लागले आणि पुढे मिलानच्या 'इल जोर्नो'त गेले. बातमीदार म्हणून खूप हिंडले. या हिंडण्यामुळेच ते इतिहासकार झाले असं मला वाटतं. विद्यापीठ नंतर आलं.

बुधवार

आज फक्त उत्तर इथिओपियातल्या ताकाझे नदीबद्दल लिहायचंय.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली. विषारी वायू वापरायचा नाही या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही होती, १९२८ मध्ये मंजुरीही दिली होती. डिसेंबरात इथिओपियाची सेना उलटून चालून आली, तसं इटालियन सेनापती बादोल्योच्या फौजेचं पाऊल अडखळलं. २८ डिसेंबरला मुसोलिनीने तार केली की कोणताही वायू मोठ्या प्रमाणावर वापरायला परवानगी आहे. प्रत्यक्षात वापर त्याआधीच सुरू झाला होता.

देल बोका १९६५ च्या सुमारास इथिओपियात गेले आणि रास इम्रूंना भेटले. रास इम्रू हे सम्राट हैले सेलासींचे नातलग आणि त्या युद्धातले सेनापती. त्यांनी सांगितलं ते असं. २३ डिसेंबरच्या सकाळी ताकाझेच्या उतारापाशी त्यांची माणसं होती. वर विमानं दिसली. विमानांची त्यांना एव्हाना सवय झाली होती, पण त्या दिवशी नेहमीचे बॉम्ब पडले नाहीत. पिंपांसारखं काहीतरी पडलं, जमिनीला किंवा पाण्याला लागताच फुटलं आणि रंग नसलेला द्रव चहूकडे उडाला. काय झालं ते कळायच्या आत माणसं ओरडायला लागली. हातांवर, पायांवर, चेहऱ्यांवर फोड आले होते. काहीजण नदीचं पाणी प्यायले होते, ते काठावर तडफडत पडले. जनावरं पाजायला आलेले गुराखी आणि आसपासच्या गावातली माणसंही त्यात होती. सरदार भोवती जमून विचारत होते की आता काय करायचं. रास इम्रूंकडे उत्तर नव्हतं. अंगाला भाजणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या त्या पावसाशी लढायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

ही साक्ष मी पुन:पुन्हा वाचते. पराभूत सेनापती आपली हतबलता लपवत नाही, तिथे थांबायला होतं. आणि देल बोकांनी ती कापली नाही, सजवलीही नाही.

वायू मस्टर्ड गॅस होता. पुढे विमानातून टाकायचा मोठा बॉम्ब नित्याचा झाला. त्यात दोनशे किलोहून जास्त मस्टर्ड असे आणि तो जमिनीवर आदळण्याआधीच हवेत फुटे, म्हणजे थेंब दूरवर पडत. बहुतेक सैनिक अनवाणी होते. गवतावर बसलेला तो थर दिसायचा नाही, पाय ठेवला की कळायचं.

शुक्रवार, उशिरा

हे सगळं जगाला आधी ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. ३० जून १९३६ ला हैले सेलासी स्वतः जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे राहिले आणि विमानातून पडणाऱ्या त्या विषाचं वर्णन केलं. ते बोलायला उभे राहिले तेव्हा इटालियन बातमीदार गॅलरीतून शिट्ट्या फुंकत होते. बातमीदार! हे वाचून माझ्या व्यवसायाची जेवढी शरम वाटली तेवढी क्वचितच वाटली असेल. तीस वर्षांनी एक इटालियन बातमीदारच हातात वही घेऊन रास इम्रूंसमोर बसला, म्हणून मला देल बोका एवढे मोठे वाटतात.

या युद्धावरचं देल बोकांचं पुस्तक आलं आणि इटलीतल्या माजी सैनिकांच्या संघटना, उजवी वृत्तपत्रं तुटून पडली. देशद्रोही, खोटारडा, सगळं ऐकवून झालं. वसाहतींचे सरकारी कागद जुन्या वसाहती अधिकाऱ्यांचाच भरणा असलेल्या समितीच्या ताब्यात होते, बाहेरच्या अभ्यासकाला दारं बंद. देल बोका चिकटून राहिले. १९७६ ते १९८४ मध्ये पूर्व आफ्रिकेवरचे चार खंड आले, मग लिबियावरचे दोन. लिबियात इटलीविरुद्ध लढणाऱ्या उमर मुख्तारला १९३१ मध्ये फाशी दिलं, त्याच्या आगेमागे सायरेनाइकातली, म्हणजे पूर्व लिबियातली, लाखभर माणसं गुराढोरांसकट हाकून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली. त्यातली सुमारे चाळीस हजार परत आली नाहीत, असा त्यांचा हिशेब.

सर्वांत मोठा विरोधक इंद्रो मोन्तानेल्ली. इटलीतला बहुधा सर्वांत लोकप्रिय पत्रकार, आणि तोही इतिहासाची पुस्तकं लिहिणारा. तरुण अधिकारी म्हणून तो स्वतः इथिओपियात लढला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, मी तिथे होतो, मी वायू पाहिला नाही, म्हणजे तो नव्हता. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १९९६ च्या फेब्रुवारीत संरक्षणमंत्री जनरल दोमेनिको कोर्चोने यांनी संसदेत उत्तर देताना वायूचा वापर झाल्याचं मान्य केलं. मोन्तानेल्लीनेही चूक जाहीरपणे कबूल केली, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

पण मला इथे टोचतं ते वेगळंच. 'मी तिथे होतो' हे एका इटालियन लेफ्टनंटचं वाक्य साठ वर्षं पुरावा म्हणून चाललं. रास इम्रूही तिथे होते. सम्राटही तिथे होते. फोड आलेले गुराखी तर होतेच होते. त्यांचं 'होतो' कुणी धरलं नाही, मारणाऱ्याच्याच कपाटातल्या तारा बाहेर येईपर्यंत.

रविवार

परवाची वही मिटवत नाही, कारण माझंही काम याच वाटेवर अडलंय. माण तालुक्यात मी बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करते. खडी फोडायला गेलेल्या आज्या सांगतात, कोणत्या नाल्यावर काम होतं, मुकादम हजेरी कशी लावायचा, सुकडी किती मिळायची, कुणाचं तान्हं लेकरू कामावरच गेलं. मजकूर पुढे पाठवला की विचारणा येते, याला कागद काय? विचारणारे वाईट नाहीत. पण हजेरीपट ज्याने लिहिला तोच हजेरी खात होता, तर तो पट काय सांगणार?

म्हणून देल बोकांच्या कामातला देब्रे लिबानोस या इथिओपियातल्या मठाचा भाग मी आज नीट उतरवून काढला.

फेब्रुवारी १९३७ मध्ये अदिस अबाबात इटलीचा व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर हातबॉम्ब फेकले गेले. त्यानंतर तीन दिवस शहरात कत्तल चालली. मे महिन्यात ग्राझियानीने देब्रे लिबानोसच्या मठावर संशय घेतला आणि तिथल्या भिक्षूंना गोळ्या घालायचा हुकूम दिला. त्याच्या तारांत आकडे चोख आहेत. २९७ भिक्षू आणि त्यांचे २३ साथीदार, मग काही दिवसांनी १२९ डीकन, म्हणजे चर्चचे कनिष्ठ धर्मसेवक. एकूण ४४९. देल बोकांनी हा आकडा छापला, त्यांच्या हातात तोच होता.

पुढे इयान कॅम्पबेल आणि देगिफे गाब्रे-त्सादिक हे दोन अभ्यासक थेट त्या मठाच्या परिसरात गेले. वाचलेल्यांना, पाहणाऱ्यांना, आजूबाजूच्या गावकऱ्यांना त्यांनी विचारलं आणि गोळ्या घातल्या त्या जागा शोधल्या. मृतांची संख्या चौदाशे ते दोन हजारांच्या घरात गेली. मठाच्या सणासाठी आलेले यात्रेकरू आणि शिकायला आलेली मुलंही मेली होती. ग्राझियानीने आकडा थोडा कमी सांगितला, इतकंच म्हणून सोडता येत नाही. तारेतला आकडा खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता.

हा शोधनिबंध १९९७ मध्ये 'स्तुदी पियाचेन्तीनी' या नियतकालिकात इटालियनमध्ये छापून आला. त्याचे संपादक देल बोका होते. ज्या आकड्यावर त्यांनी स्वतः विसंबून लिहिलं होतं, तोच मोडणारं काम त्यांनी आपल्या हाताने छापलं.