टी-शर्टवरचं डिझाइन परवानगीतून कसं पार पडतं

छपाईला आलेल्या डिझाइनचे आम्ही आधी तुकडे पाडतो: चित्र, फोटो, फॉन्ट, वाक्य, लोगो, चेहरा. प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी लागते. ग्राहकाचा प्रश्न मात्र एकच असतो, "यावर कॉपीराइट आहे का?" बहुतेक वेळा असतोच. बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार मानणाऱ्या देशांत चित्र तयार झालं की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला 'सी' लागत नाही. "नेटवर कुणाचंच नाव नव्हतं" हे उत्तर त्यामुळे चालत नाही.

पहिलं काम म्हणजे मूळ फाइल मागणं. स्क्रीनशॉट आला की तिथेच थांबायचं. ज्याने चित्र काढलं त्याच्याकडे लेअर (चित्राचे वेगवेगळे थर) असलेली किंवा व्हेक्टर (रेषांनी बनलेली, कितीही मोठी करता येणारी) फाइल असते, निदान कच्ची रेखाटनं तरी असतातच. सोबत तेच चित्र नेटच्या शोधात टाकून ते आधी कुठे आलंय, असा उलटा शोध घ्यायचा. शोधात काही सापडलं नाही म्हणजे चित्र मोकळं आहे, असं मात्र नाही.

मग चित्रकाराचा कागद. पैसे दिले म्हणजे हक्क मिळाले, हा गैरसमज सगळीकडे भेटतो. पैसे देऊन आपल्याला फाइल मिळते. छापण्याचा हक्क किती, ते करार ठरवतो. करारात चित्राची छोटी प्रत जोडून घ्यावी आणि कोणत्या कपड्यांवर, किती नग, कोणत्या देशांत, कधीपर्यंत, रंग बदलता येतील का, कापून वापरता येईल का, हे सगळं लिहून घ्यावं. भारतात हक्क लेखी सोपवताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. गडबड होते ती सहसा पुन्हा छापताना. कागद 200 नगांचा असतो आणि माल खपला म्हणून कुणीतरी न विचारता आणखी 500 काढतं.

स्टॉक साइटवरून, म्हणजे तयार चित्रं-फोटोंचे परवाने विकणाऱ्या साइटवरून, विकत घेतलेल्या चित्राचा साधा परवाना टी-शर्टला बहुधा पुरत नाही, कारण इथे माल विकला जातो तो चित्रामुळेच. त्यासाठी वाढीव परवाना घ्यावा लागतो. 'फक्त संपादकीय वापरासाठी' (बातम्या-लेखांपुरतं) असा शेरा असेल तर विषय संपला. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, 'एनडी' म्हणजे बदल करायचा नाही आणि 'बीवाय' म्हणजे श्रेय द्यायचं. हे श्रेय आम्ही लेबलवर किंवा विक्रीच्या पानावर देतो.

फॉन्टकडे कुणी बघत नाही, आणि अडकायला होतं ते तिथेच. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असलेला फॉन्ट विक्रीच्या कपड्यावर चालत नाही. अक्षरांच्या आउटलाइन केल्याने (म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकल्याने) फाइल उघडायची अडचण सुटते, परवान्याची नाही. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखालचे फॉन्ट छपाईत बिनधास्त वापरता येतात.

छोट्या वाक्याला सहसा कॉपीराइट मिळत नाही, पण ते ट्रेडमार्क असू शकतं. म्हणून ट्रेडमार्कच्या नोंदवहीत वर्ग 25 पाहायचा, कपडे त्याच वर्गात येतात. स्पेलिंग थोडं फिरवून आणि उच्चारानेही शोधायचं. जुन्या कार्टूनच्या बाबतीत दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. मिकी माउसचं 1928 सालचं रूप 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळं झालं. नंतरची रूपं मात्र तेव्हा मोकळी झाली नाहीत आणि ट्रेडमार्कही कायम राहिले.

चेहऱ्याचं प्रकरण याहून नाजूक. ब्रिटनमध्ये टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानसाखळीने गायिका रिहानाचा फोटो टी-शर्टवर छापला, तेव्हा छायाचित्रकाराचा परवाना त्यांच्याकडे होता. तरीही 2013 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि 2015 मध्ये अपिलातही टिकला. या टी-शर्टला तिची मान्यता आहे असा ग्राहकांचा समज होईल, हा मुद्दा तिथे ठरला. ओळखीचा चेहरा असेल तर आम्ही दोन संमतीपत्रं मागतो, छायाचित्रकाराचं आणि त्या व्यक्तीचं.

रेड क्रॉसचं चिन्ह आणि ऑलिंपिकची वर्तुळं दिसली की आम्ही काम थेट परत करतो. दोन्हींना वेगळं कायदेशीर संरक्षण आहे. "पांढऱ्यावर साधा लाल क्रॉस आहे हो" असं ग्राहक म्हणतो, पण नेमका तोच चालत नाही.

"तीस टक्के बदललं की चालतं" असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. ओळखू येण्याजोगा भाग उरला की ते मूळ चित्रावरून केलेलं काम ठरतं. "सगळी जबाबदारी माझी" अशी ग्राहकाची सही आम्ही घेतो, पण तिच्यावर फार विसंबत नाही. त्या सहीच्या जोरावर नंतर ग्राहकाकडे भरपाई मागता येते. चित्राचा मालक छापणाऱ्यावरही दावा लावू शकतो, त्याला ती सही अडवत नाही.

हे सगळं स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट) बनवण्याआधी उरकायचं, कारण फिल्म आणि स्क्रीनचा खर्च झाला की "आता छापूनच टाका" असा आग्रह सुरू होतो. जॉब नंबरखाली करार, परवान्याची पावती, त्या दिवशीच्या परवाना-पानाची प्रत आणि ग्राहकाने मंजूर केलेलं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) एकत्र ठेवायचं. साइटवरच्या अटी पुढे बदलू शकतात, म्हणून ती प्रत लागते. मुदत संपल्यावर उरलेला माल किती दिवस विकता येईल, हेही करारात आधीच लिहून घ्यावं. ते कलम नसेल तर मुदतीनंतर गठ्ठे गोदामातच पडून राहतात आणि स्क्रीन धुऊन टाकावी लागते.