विराम कापताना

जर्मनीतील लाइपझिगजवळच्या एका खेड्यातील जुन्या चर्चमध्ये, गेल्या हिवाळ्यात, आम्ही संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या ‘इख हाबे गेनुग’ या कँटाटाचे, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या धार्मिक रचनेचे, ध्वनिमुद्रण करत होतो. खर्जातला एक बास गायक, ओबो हे एक फुंकवाद्य, तंतुवाद्ये आणि छोटा ऑर्गन, एवढाच संच. हीटरच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येई, म्हणून तो बंद ठेवावा लागे. मग आतड्याच्या तारांची व्हायोलिने गारठ्यात पुन्हा पुन्हा लावून घ्यावी लागत.

बाख यांनी ही रचना २ फेब्रुवारी १७२७ रोजी लाइपझिगमध्ये प्रथम सादर केली. मंदिरात बाळ येशूला हातांत घेतल्यावर वृद्ध शिमोनाला मरणाचे भय उरत नाही, हा त्या दिवसाच्या सणाचा प्रसंग. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘मला पुरे आहे’ असा होतो, पण त्यात कंटाळा नाही. ‘भरून पावलो’ हे आपले शब्द मला त्याच्या अधिक जवळचे वाटतात.

तिसरा भाग म्हणजे शिणलेल्या डोळ्यांसाठीची अंगाईच. बाख यांच्या पत्नी आना माग्डालेना यांच्या १७२५ मध्ये सुरू झालेल्या वहीतही ती उतरवलेली आहे. तिची चाल चालता चालता मध्येच थांबते, तेथे स्वरावर फर्माटाची खूण असते आणि किती थांबायचे हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर सोपवलेले असते. चौथ्या टेकमध्ये, म्हणजे चौथ्या वेळच्या मुद्रणात, गायक अशा एका जागी इतका वेळ थांबला की माझा हात नकळत फेडरकडे, आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीकडे, गेला. नेमक्या त्याच क्षणी एका लाकडी बाकाने करकर आवाज केला.

रात्री मागच्या खोलीत बसून मी तो विराम कापला, त्या जागी आधी मुद्रित करून ठेवलेली रिकाम्या चर्चची शांतता बसवली, आणि तो अर्ध्या सेकंदाने आखूडही केला. सांधा कुठेच कळत नव्हता. तरीही, गायकाला ऐकवताना, पुढची ओळ कुणी दुसऱ्याच खोलीतून म्हणतो आहे असे मलाच वाटू लागले. ऐकून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “यात माझा श्वास नाही.”

खरेच नव्हता. मी ज्याला शांतता समजलो होतो, तिच्यात मागचा स्वर दगडी भिंतींवर विरत होता, चेलोवादकाचा गज तारेवरून उचलला जात होता आणि पुढच्या ओळीसाठी श्वास भरला जात होता. हे सारे काढून टाकल्यावर जे उरले, ते चर्च होते, गाणे नव्हते. पंधरा वर्षे हेच काम करूनही, विरामाचे मोजमाप करताना मी त्याचा आवाज ऐकलाच नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

पहाटेपूर्वी मी मूळ टेक जसाच्या तसा परत बसवला. बाकाची ती करकर अंतिम मुद्रणात आजही आहे.