खूण कुठे होती

वाचून झालेल्या कादंबरीविषयी कोणी मत विचारले की मला आधी आठवते ती खूण, म्हणजे पुस्तक मिटताना पानांत काय घातले होते आणि कोणत्या प्रसंगापाशी घातले होते. कथानक महिन्याभरात पुसट होते, पात्रांची नावे एकमेकांत मिसळतात. परंतु अमुक कादंबरी आपण ऐन मध्यावर, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची खूण घालून, आठ दिवस उशाशी तशीच ठेवली होती, हे मात्र स्वच्छ आठवते. पान दुमडण्याची मला सवय नाही. आमचे आजोबा दुमडलेले पान दिसले की ‘पुस्तकाचा कान कोणी पिळला?’ असे साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, आणि तो धाक अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे हाताशी येईल तो कागद हीच माझी खूण. सध्या बहुतेक वेळा ते एसटीचे तिकीट असते. यंत्रातून निघणाऱ्या या तिकिटावरची अक्षरे दोन-तीन महिन्यांत उडून जातात आणि मागे उरते ती नुसती पांढरी पट्टी, जिच्यावरून आपण कोठून कोठे निघालो होतो हे कळायला काही मार्ग राहत नाही.

यंदा जून ते दिवाळी या काळात मी बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या. आमच्या वाचनालयात एका वेळी दोन पुस्तके पंधरा दिवसांसाठी मिळतात आणि कपाटांवर सामाजिक, ऐतिहासिक, ग्रामीण, रहस्य, विज्ञान अशा पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. दर खेपेला वेगळ्या कपाटातली पुस्तके घ्यायची, असा मी नियम केला. नियम पाळला गेला. पट्ट्यांवरचा विश्वास मात्र हळूहळू उडाला.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने केली. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी मी पूर्वीही वाचली होती, आणि या वेळीही तिच्यात खूण घालण्याची वेळ आली नाही. दुपारी जेवण झाल्यावर उघडली आणि दिवेलागणीला मिटली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वस्तीवर मास्तर होऊन आलेला कोवळा तरुण, मुलांवाचून ओस पडलेली शाळा, त्याला सांभाळून घेणारा कारभारी, वस्तीने अंगमेहनतीने उभी केलेली तालीम, आणि अखेरीस पावसाने ओढ दिल्यावर मेंढरे घेऊन जगायला निघून गेलेली माणसे; एवढ्या ऐवजावर दुसऱ्या एखाद्या लेखकाने चारशे पाने केली असती. माडगूळकर माणूस दाखवतात आणि बाजूला होतात. या माणसाविषयी आपल्याला काय वाटले पाहिजे, हे ते एकदाही सांगत नाहीत. या संयमाचे मोल मला विशीत कळले नव्हते. तेव्हा मला ही कादंबरी ‘छान पण साधी’ वाटली होती, असे मीच पुस्तकांच्या जुन्या वहीत लिहून ठेवले आहे.

त्यानंतर, त्याच ‘ग्रामीण’ पट्टीखाली शेजारीच असलेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घेतली, आणि येथे खुणेचा सगळा हिशेब बदलला. २०२३ सालच्या साहित्य अकादमी पुरस्कारामुळे या कादंबरीचे नाव पुष्कळांच्या कानावर गेले असेल. धरणासाठी एक गाव उठते, माणसे नव्या वसाहतीत जातात आणि गुरे जंगलात मागे राहतात. मागे राहिलेली म्हैस माणसाला विसरून रानटी होते, आणि तिला परत आणण्यासाठी देवाप्पा त्या उठलेल्या गावाच्या रानात शिरतो. कथानक म्हणून पाहिले तर ते एवढेच. तरीही दहा-बारा पानांपलीकडे मला एका बैठकीत जाता आले नाही. हा कंटाळा खचित नव्हता. खोतांचे निवेदन कोल्हापूरकडच्या बोलीचा हात धरून चालते. ते नावाप्रमाणेच गोल फिरते, आणि मन दुसरीकडे ठेवून वाचू लागले की आपल्याला सरळ रिंगणाबाहेर काढते. एसटीचे तिकीट रोज थोडे थोडे पुढे सरकत होते, आणि कादंबरी संपली तेव्हा त्यावरचे गावाचे नाव पुसट झाले होते. उठलेल्या गावाच्या कादंबरीत असे तिकीट असावे, हा योगायोग मी होऊन जुळवून आणलेला नाही, एवढे नमूद करतो.

धरणग्रस्तांवर मराठीत याआधी १९९१ साली विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आली. तिला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रशासनात काढलेल्या वर्षांमुळे कागद कसा हलतो आणि कसा हलत नाही हे पाटलांना आतून ठाऊक आहे. मोजणी, नोटिसा, मोबदला, पर्यायी जमीन हा सारा व्यवहार त्या कादंबरीत इतका पक्का येतो की वाचणाऱ्याचा संताप वाढत जातो आणि तो कोणावर काढायचा हेही तो लेखक दाखवून देतो. ‘रिंगाण’ वाचताना असा संताप येत नाही. पंचनाम्यात घरे, झाडे, विहिरी यांची नोंद होऊ शकते. पण ज्या जनावराला हाक मारली की ते वळून पाहत असे, त्याने आता आपल्याकडे शिंगे रोखून पाहणे, ही हानी कोणत्या रकान्यात लिहायची? देवाप्पा आणि म्हैस एकमेकांना न्याहाळत एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा मला वाटले की या दोघांत अधिक विस्थापित कोण, हे ठरवण्याचा लेखकाला मुळीच आग्रह नाही, आणि तेच त्याने चांगले केले. या दोन कादंबऱ्यांत थोरली कोणती, या वादात मला रस नाही. एवढे खरे की ‘झाडाझडती’ मी ज्या वेगाने वाचली त्या वेगाने आता तिच्यातले प्रसंग विसरू लागलो आहे.

‘विज्ञान’ कपाटाकडे वळण्याचे कारण दुःखद होते. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले आणि वाचनालयात दर्शनी टेबलावर त्यांची पुस्तके मांडली गेली. त्यांतली ‘वामन परत न आला’ मी शाळेत असताना झपाटल्यासारखी वाचली होती. खोदकामात सापडलेला घनाकृती ठेवा, त्यात एका प्रगत पूर्वसंस्कृतीने जपून ठेवलेले ज्ञान, आणि त्या ज्ञानाच्या बळावर माणसांनी घडवलेला वामन नावाचा यंत्रमानव, ही कल्पना आजही जुनी वाटत नाही. उलट, यंत्रे आपल्याशी गप्पा मारू लागल्यापासून तिचा दंश वाढला आहे. मात्र तिच्यातली माणसे मला या खेपेला पातळ वाटली. ती एकमेकांशी बोलतात तेव्हाही समोर फळा असल्यासारखी बोलतात. तरीही खूण घालावी लागली ती विचार करण्यासाठी, आणि हे भाग्य पुष्कळ घट्ट माणसांच्या कादंबऱ्यांनाही लाभत नाही.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’पाशी गोष्ट निराळी झाली. ही २०१४ सालची कादंबरी. तिला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला, कारण पुरस्कार घ्यायचे नाहीत असे त्यांनी काही वर्षे आधीच ठरवले होते. हे गृहस्थ व्यवसायाने स्थापत्य अभियंता. त्यामुळे त्यांचा भविष्यकाळही पाया, खांब आणि तुळया मोजून उभा केलेला आहे. माणसाच्या हालचालींवर सतत असलेली नजर, घटत गेलेली स्त्रियांची संख्या, सरकारच्या जागी हळूहळू येऊन बसलेल्या कंपन्या, आणि या सगळ्याला सरावून गेलेली, चहा पिणारी, विनोद करणारी साधी माणसे. भीती वाटते ती या सरावाची. वाचता वाचता मी सतरांदा थांबत होतो, आणि दर वेळी थांबण्याचे कारण एकच: माझा फोन. कादंबरीतल्या पात्राचा ठावठिकाणा कोणाला तरी कळत असतो त्याच क्षणी, मी काल ज्या दुकानासमोरून गेलो त्या दुकानाला किती तारे द्याल, असे माझा फोन मला विचारत असतो. खुणेसाठी त्या दिवशी हाताशी आले ते औषधाच्या दुकानातले बिल, आणि त्यावर माझे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि दुखण्याचा अंदाज बांधता येईल इतकी औषधे ठळक छापलेली होती. ते बिल मी पुस्तक परत करण्यापूर्वी आठवणीने काढून घेतले. दहा वर्षांपूर्वी ही कादंबरी वाचली असती तर तिला ‘विज्ञान कादंबरी’ म्हटले असते. आता ती ‘सामाजिक’ कपाटात हलवावी, असे मी सुचवले आहे. तिच्यात अनेक कथनांचे धागे आहेत आणि काही ठिकाणी लेखकाला सांगायचे इतके असते की पात्रे त्याच्या माहितीखाली दबतात, हेही म्हटले पाहिजे. पण दबूनही ती ओळखीचीच वाटत राहतात.

अशा वाचनानंतर जिभेला चव म्हणून बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा आणली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे धनंजय, झुंजार, काळा पहाड हे नायक आमच्या वडिलांच्या पिढीला घरच्या माणसांसारखे होते. तासाभराचा ऐवज असल्यामुळे खुणेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न निराळाच निघाला: शेवटची चार पाने गायब. वाचनालयातल्या बाईंना सांगितले तर त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, वीस वर्षं असंच जातंय ते पुस्तक. कोणी तक्रार नाही केली.” मी घरी येऊन रात्रभर गुन्हेगार शोधला आणि अखेर तो दिवाणजीच असला पाहिजे असे ठरवून झोपलो. नारायण धारपांच्या ‘लुचाई’ने मात्र झोपू दिले नाही. इंग्रजीतल्या एका गाजलेल्या भयकादंबरीच्या सांगाड्यावर ती उभी आहे हे माहीत असूनही, आपल्याकडच्या गावाचा काळोख धारपांनी त्यात असा काही ओतला आहे की सूर्य मावळण्याआधी खूण घालून मी ते पुस्तक दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत असे. पन्नाशीच्या माणसाने हे कबूल करण्यात लाज नाही.

ऐतिहासिक कपाटाशी माझे जरा बिनसले. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही १९६२ सालची कादंबरी घरातच होती आणि तिच्यात माझ्या दहावीच्या वेळचे प्रवेशपत्र खूण म्हणून अजून तसेच होते. पानिपतच्या रणधुमाळीनंतर सोळाव्या वर्षी पेशवेपदी आलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेलेला माधवराव हा विषयच असा आहे की वाचकाच्या डोळ्यांत पाणी आधीच उभे असते. दहावीत मी त्यातली वाक्ये वहीत उतरून घेतली होती. आता तीच वाक्ये मला रंगमंचावरच्या उजेडात उभी असल्यासारखी वाटली. त्या वाड्यात कोणी कधी सहज, वेळ घालवायला म्हणून बोललेच नसेल का, असा प्रश्न पडला. थेऊरची पाने मात्र अजूनही धरून ठेवतात. प्रवेशपत्र त्याच पानांशी होते, तेव्हा त्या वयातला माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये खुणेची जागा लेखकानेच ठरवून दिली आहे. घरात राहायला आलेल्या एकाच निनावी पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. पहिला अर्धा भाग तनयचा, त्या पाहुण्याला उद्देशून, आणि उरलेला अनुजाच्या रोजनिशीतला. दोन भागांच्या मध्ये पुस्तक मिटून एक रात्र जाऊ द्यावी, अशी माझी शिफारस आहे. सलग वाचले तर आपण बहिणीच्या बाजूने न्याय करत बसतो.

गोळ्यांचे रिकामे पाकीट ज्या कादंबरीत आठ दिवस पडून होते ती उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’. वऱ्हाडी बोलीशी कान जुळायला मला वीसेक पाने लागली, आणि कान जुळल्यावर मग कौतिकचा आवाज कानातून जाईना. नवरा महादेव शिंपी, कामाला मन नाही, आणि संसार आपल्या हिमतीवर वर ओढून काढण्याची तिची जिद्द. कादंबरीच्या मध्यावर आले की ही जिद्द कोठे जाऊन आदळणार हे दिसू लागते, आणि पुढचे पान उलटणे म्हणजे आपणच तिला पुढे ढकलणे आहे असे वाटून मी थांबलो. आठ दिवसांनी उघडले, तेव्हा कौतिक होती तेथेच उभी होती. यापलीकडे तिच्याविषयी मला काही लिहिता येत नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचे पुस्तक घेतले ते विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’. १९३९ सालची ही छोटी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर परत येणारा चक्रधर, आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा. बोट पुढे सरकते तसा मुंबईचा किनारा जवळ येतो. तेथे तो उतरणार आणि तिला पुढे जावे लागणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या किनाऱ्याच्या थोडे अलीकडे, कुठल्याशा जुन्या वाचकाची खूण होती: वाण्याची यादी. तूरडाळ दोन किलो, पोहे, साबण, रॉकेल पाच लिटर. कागद पिवळा पडून पानाला चिकटला होता आणि त्याच्या आकाराचा फिकट चौकोन समोरच्या पानावर उमटला होता. तेथवर कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या; त्यापुढे एकही नव्हती. मी यादी उचलली, वाचली, जागेवर ठेवली आणि पुढे वाचत गेलो. शेवट येथे सांगत नाही.

परत करायला गेलो तेव्हा बाईंनी सवयीने पुस्तक पाठीला धरून झटकले आणि यादी टेबलावर पडली.

“तुमची का?”

“नाही. आधीची आहे.”

“कुठल्या पानावर होती?”

मी सांगितले. त्यांनी चष्मा वर केला, फिकट चौकोन शोधून यादी बरोबर त्याच्यावर बसवली, पुस्तक मिटले आणि शिक्का मारला.