तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक गावासाठी डोंगर कशाला चढायचा?

मध्य इटलीतल्या सायकल प्रवासाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने नकाशा नीट पाहिलेला असतो, त्यामुळे प्रश्न बिनतोड वाटतो. "खोऱ्यातून सरळ सपाट रस्ता जातोय, रेल्वेही तिथूनच जाते. मग सामान लादलेली सायकल घेऊन रोज संध्याकाळी डोंगरावरच्या गावात कशाला चढता? मुक्काम खाली करा आणि गाव खालून बघा."

मी खाली मुक्काम करत नाही, कुणी बरोबर येणार असेल तर त्यालाही करू देत नाही. तोस्काना आणि उंब्रियातली ही गावं वर का गेली, हे पायांना कळलं की त्यांची तटबंदी, अरुंद बोळ, विहिरी, वेशी सगळ्याचा अर्थ लागत जातो. बसमधून वाहनतळावर उतरणाऱ्याला गाव सुंदर दिसतं, पण ते तिथे का आहे हा प्रश्न त्याला पडतच नाही.

कोर्तोनासारखी काही गावं एत्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमनांच्या आधी या भागात नांदणाऱ्यांनी, ख्रिस्तपूर्व काळातच डोंगरावर वसवली. बाकीची बरीचशी साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात वर गेली किंवा वरच तटबंद झाली. मोठी सत्ता मोडली होती, स्थानिक सरदार प्रबळ झाले होते, आणि त्यांनी विखुरलेली वस्ती उंचावर भिंतीच्या आत गोळा केली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे थोडं थबकायला होतं. आपल्याकडे गडावर शिबंदी, आणि गाव पायथ्याशी. तिकडे लोहार, चांभार, पाद्री, शेतकरी, गुरंढोरं सगळेच वर. शेतकरी सकाळी वेशीतून खाली शेतात उतरायचा आणि दिवसभर राबून तोच डोंगर परत चढायचा. सायकलवाला संध्याकाळी जे करतो ते तिथल्या माणसाने शतकानुशतकं केलेलं आहे.

लढाई हे एकच कारण नव्हतं. दुसरं समजून घ्यायचं तर व्हाल दी कियानाच्या खोऱ्यात सायकल चालवायला हवी. आरेत्सो ते किउसी असा ६२ किलोमीटरचा, जवळजवळ पूर्ण सपाट सायकलमार्ग तिथे कालव्याच्या काठाने जातो. सपाट रस्त्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी हा मार्ग आनंदाने सुचवते. लहान मुलांना घेऊन जायला याहून चांगली जागा त्या भागात मला माहीत नाही. त्याचं नाव सेंतिएरो देल्ला बोनिफिका, म्हणजे दलदल हटवून जमीन कसण्याजोगी केली त्या कामाची पायवाट. हे सगळं खोरं कधीकाळी साचलेल्या पाण्याचं आणि हिवतापाचं होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंचीने काढलेल्या इथल्या नकाशात मध्यभागी लांबच लांब पाणी दिसतं. ते हटवायला पिढ्या गेल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हित्तोरिओ फोस्सोंब्रोनी या अभियंत्याने कामाला नेट लावला. पद्धत अशी होती, की नद्यांचं गढूळ पाणी बांध घातलेल्या खाचरांत घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि नितळ पाणी सोडून द्यायचं. असं वर्षानुवर्षं करत जमीनच उचलायची. त्या कालव्याकाठी चालवताना डावी-उजवी मान वळवून बघा. कास्तिलिओन फिओरेंतिनो, कोर्तोना, पलीकडे मोन्तेपुल्चानो, एकूण एक गाव वर. तुमचं चाक जिथून जातंय तिथे माणूस राहूच शकत नव्हता.

आता चढाबद्दल. खालच्या कामुचा स्टेशनपासून कोर्तोना साधारण अडीचशे मीटर उंच आहे, आणि हा चढ पाचेक किलोमीटरचा. पसरणी घाट चढलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. आपला घाट एकदा चढून झाला की माथ्यावर पठार मिळतं. इथे पठार नाही. वर पोचलात, पाणी प्यायलात, की पलीकडे तेवढंच उतरायचं आणि पुढच्या गावाला पुन्हा चढायचं. म्हणून दिवसाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, चढाच्या मीटरमध्ये मोजा. सामानासकट हजार मीटर चढ झाला तर दिवस भरला, मग अंतर पन्नास किलोमीटरच का असेना. पुढे सगळ्यात लहान चकती आणि मागे सगळ्यात मोठी, असा अगदी हलका गिअर सायकलला हवाच. टायर चाळीस मिलीमीटरच्या आसपास घ्या, कारण डांबर कधी संपेल सांगता येत नाही.

डांबर संपलं की सुरू होतात ते पांढरे रस्ते, स्त्रादे बियांके. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखेच, फक्त खडी पांढरी. युरोपच्या इतक्या सधन भागात हे कच्चे रस्ते राहिले कसे? याचं उत्तर शेतीत आहे. इथली जमीन शतकानुशतकं अर्धेलीने कसली जाई. मालक शहरात, कूळ शेतातल्या दगडी घरात, आणि पीक निम्मं-निम्मं. प्रत्येक टेकाडावर एकेकटं घर आणि त्याच्याकडे जाणारी सुरूची रांग हे जे चित्र सगळ्यांना पाठ आहे, त्याच्यामागे बरेचदा ही अर्धेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी घरं सोडली, कारखान्यांकडे गेली, आणि १९६४च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. घरं ओस पडली, तिथवर जाणाऱ्या वाटांवर डांबर घालायची निकड उरली नाही. आज त्याच घरांतून पाहुणे उतरतात, पोहण्याचे तलाव असतात. भिंतीवर जुनी अवजारं शोभेला टांगलेली बघून मला नेहमी कुठेतरी टोचतं. ती हातात धरणाऱ्यांना त्या घरात निम्म्या दाण्यावर वर्ष काढावं लागायचं.

राहिलेले रस्ते जपले गेले त्यात सायकलचा मोठा वाटा आहे. १९९७ साली कियांतीतल्या गायोले गावात जान्कार्लो ब्रोच्ची यांनी लेरोईका नावाची फेरी सुरू केली. जुन्या पोलादी सायकली, जुन्या धाटणीचे कपडे, आणि पांढऱ्या रस्त्यांवर डांबर चढू नये हा आग्रह. आता तिचा २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग पाट्या लावून आखलेला आहे आणि कुणीही केव्हाही त्यावरून जाऊ शकतं. एका दिवसात करायचा हट्ट नको, चार दिवस घ्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हेच महिने धरा. पाऊस पडून गेला असेल तर सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी भागात एक दिवस थांबून जा. ती समुद्रतळाची जुनी चिकणमाती आहे. ती चाकाला आणि मडगार्डला अशी धरते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही.

याच मार्गावर माझा सगळ्यात आवडता चढ आहे, बुओनकोन्व्हेंतो ते मोन्ताल्चीनो. बुओनकोन्व्हेंतो खोऱ्यातलं विटांच्या तटाचं छोटं गाव. पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री १३१३ साली इथेच वारला. खालून निघालात की चढ आस्ते आस्ते वाढतो, द्राक्षमळे येतात, आणि चारएकशे मीटर चढून मोन्ताल्चीनो गाठावं लागतं. गाव बऱ्याच आधी दिसायला लागतं आणि मग वळणावळणाला लपतं. वर १३६१ सालचा किल्ला आहे. १५५५ साली सिएना शहर वेढ्यात उपाशी पडून शरण गेलं, तेव्हा शरणागती न मानणारी घराणी इथे येऊन राहिली आणि १५५९पर्यंत त्यांनी आपलं प्रजासत्ताक या डोंगरावर चालवलं. एवढंसं गाव चार वर्षं कसं टिकलं, असं पुस्तकात वाचताना वाटलं होतं. चढून आल्यावर वाटलं नाही.

मुक्काम वरच का, याचं साधं कारणही आहे. संध्याकाळी बसगाड्या उतरून गेल्या की चौक गावकऱ्यांचा होतो. म्हाताऱ्या खुर्च्या दाराबाहेर काढतात आणि सामानाची सायकल बघून आपणहून विचारपूस करतात. दुपारी मात्र एक ते चारच्या दरम्यान बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा जेवणाचं सकाळीच घेऊन ठेवा. शाकाहारी माणसाची अजिबात आबाळ होत नाही. हाताने वळलेल्या जाड शेवया, पिची, व्हाल दी कियानाच्या खोऱ्यातल्या मोठ्या पाकळ्यांच्या लसणाबरोबर मिळतात. रिबोल्लिता हे शिळा पाव, घेवडा आणि काळसर पालेभाजी यांचं दाट कालवण. पाव अळणी असतो, पहिल्या दिवशी चमत्कारिक लागतो.

आणि एक गाव असं आहे जिथे मराठी माणसाने चढून जायलाच हवं. कोर्तोनाहून पूर्वेला डोंगर ओलांडून निक्कोनेच्या खोऱ्याने उंबेर्तिदेला उतरलात की टायबर नदीचं वरचं खोरं लागतं. तिथून उत्तरेला डोंगरावर मोन्तोने. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या मराठा पलटणीची, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनची, एक कंपनी जर्मनांच्या मजबूत ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला गोळी घातली, काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे ते, आजच्या रायगड जिल्ह्यातले. २०२३ साली मोन्तोनेमध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं.

हा चढ चढताना मी खूप वेळा थांबले, दमल्यामुळे कमी आणि खाली बघण्यासाठी जास्त. नदी, पूल, रस्ता, शेतातला माणूस, सगळं वरून उघडं दिसतं. बाराव्या शतकात ज्या कारणासाठी इथे भिंती बांधल्या, त्याच कारणासाठी १९४४ साली डोंगरांवर मशिनगना बसवल्या होत्या, आणि कोकणातली, देशावरची पोरं खालून वर चालत आली होती. खोऱ्यातल्या रस्त्याने मोटारीतून गेलं तर हे खोरं फार रमणीय दिसतं, एवढंच.

गुडघे दुखतात, वय झालं, चढ जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी बॅटरीवरची सायकल खुशाल भाड्याने घ्यावी. त्यात कमीपणा कसला? तीही चढावर पाय मारल्याशिवाय चालत नाही, आणि वेग गावं बघण्याजोगाच राहतो.

पहिल्यांदा जाणार असाल तर आरेत्सोपासून सुरुवात करा. तिथल्या राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमीत भारतीय सैनिकांचं दहनस्मारक आहे, आधी तिथे जा. मग कालव्याकाठाने एक सपाट दिवस, पायांची ओळख व्हावी म्हणून, आणि संध्याकाळी कोर्तोना. तिथून मोन्तोनेला जाऊन परत या. पुढे मोन्तेपुल्चानो, पिएन्त्सा, सान क्विरिको, मोन्ताल्चीनो, सगळे मुक्काम वर. बुओनकोन्व्हेंतोला उतरलात की सिएनासाठी रेल्वे आहे. सायकलनेच जायचं असेल तर मोटारींनी भरलेला खालचा रस्ता सोडा आणि आशानोवरून क्रेतेच्या धारेने जा. चढ जास्त आहे, लांबही पडतं, तरी तिथूनच जा.