लाल बोरांचा चहा

"तुमच्यासाठी एक खुर्ची मांडू की दोन?" विहीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

व्हिडिओ कॉल चालू होता. मी अंबाजोगाईत आमच्या ओसरीवर, त्या सिंगापुरात अकराव्या मजल्यावरच्या घरात. दुभाषी म्हणून मधे होणारी सून. मला प्रश्नच कळेना. मग तिने नीट सांगितलं. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे गुडघे टेकून चहाची वाटी धरतात. वडीलधारे जोडीजोडीने बसतात. हे जाऊन बारा वर्षं झाली, ते विहीणबाईंना माहीत होतं. त्यांची खुर्ची माझ्याशेजारी असावी असं मला वाटत असेल, तर तशी मांडू, असं त्या विचारत होत्या.

"विचार करून सांगते," म्हणाले, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. लग्नात माझी खुर्ची आहेच, हे त्यांनी धरून चाललं होतं, म्हणून ते रडू आलं.

माझ्या मुलीचं लग्न हे गेल्यानंतर तीन वर्षांनी झालं. हळद दळायला पाच सवाष्णी बसल्या, मला सांगितलं, "तुम्ही आचाऱ्याकडं बघा." कन्यादान दीर-जावेनं केलं. त्यांनी प्रेमानेच केलं, त्यात खोट नव्हती. मी मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते आणि अक्षता लांबून टाकल्या. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, स्त्री-पुरुष समानतेवर मुलांकडून निबंध लिहून घेतले, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

म्हणून मुलाच्या लग्नाच्या वेळी मी चिनी रीतीभाती नीट समजून घ्यायचं ठरवलं. सुनेचं घराणं तिओच्यू या चिनी समाजातलं. तिचे पणजोबा दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून सिंगापूरला आले. ती रोज रात्री फोनवर मला एकेक गोष्ट सांगायची, मी वहीत उतरवायची.

जुन्या ग्रंथांत लग्नाचे सहा संस्कार सांगितले आहेत. पहिल्यात मुलाकडचे लोक मुलीच्या घरी रानहंस घेऊन जायचे, कारण तो पक्षी जन्मभर एकच जोडीदार करतो अशी समजूत. (आपल्या नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात, ते याच्याच गणगोतातले.) दुसऱ्यात मुलीचं नाव आणि जन्मवेळ विचारायची. वर्ष, महिना, दिवस आणि तास, प्रत्येकाची दोन अक्षरं, अशी आठ अक्षरं जुळवून बघायची. म्हणजे आपली पत्रिकाच. पुढे वाङ्‌निश्चय, देणंघेणं, मुहूर्त आणि शेवटी नवऱ्याने स्वतः जाऊन नवरीला आणणं. मुहूर्ताचं ऐकून मी तिला आमच्या योगेश्वरीची गोष्ट सांगितली. देवी परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, वेळ टळली आणि वऱ्हाड दगडाचं झालं. हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असं आमच्याकडे सांगतात. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे देवीचंसुद्धा लग्न राहिलं, आणि तरी ती तुमच्या गावाची आई झाली."

मग आला केस विंचरण्याचा विधी, आणि तिथे मी थबकले.

लग्नाच्या आदल्या रात्री नवरीच्या केसांतून चार वेळा कंगवा फिरवतात. पहिल्या वेळी म्हणायचं, साथ शेवटपर्यंत राहो. दुसऱ्या वेळी, दोघांचे केस एकत्र पांढरे होवोत. तिसऱ्या वेळी, घर लेकरानातवंडांनी भरो. चौथ्याचे शब्द घरागणिक बदलतात. पण कंगवा धरायचा कोणी? ज्या बाईचा नवरा हयात आहे, मुलंबाळं आहेत, जिचं सगळं धड आहे तिनेच. मी वही मिटून ठेवली. एवढा समुद्र ओलांडून गेलं तरी तिथे सवाष्णच!

मी तिला तसं म्हणाले. ती म्हणाली, "हो आई, आमच्याकडेही आहे ते. पण आता पुष्कळ मुली हे आपल्या आईकडूनच करून घेतात. मी आईकडून आणि आजीकडून करून घेणार आहे." आजी विधवा, पंच्याऐंशीच्या. सुनेला लहानाचं मोठं त्यांनीच केलं. रोज सकाळी शाळेसाठी तिच्या वेण्या त्यांनीच घातल्या. "तेव्हा चाललं, मग त्या एका रात्री का नाही?" असं तिने आजीला विचारलं. आजी दोन दिवस ऐकेनात. नातीच्या संसाराला आपली नजर लागेल, आपला पायगुण चांगला नाही, अशी भीती. ही भीती मला शब्दाशब्दाने ओळखीची आहे. ती बाहेरून घातलेली असते, पण इतकी मुरते की आपलीच वाटायला लागते. तिसऱ्या दिवशी आजींनी कंगवा हातात घेतला.

आजींचं स्वतःचं लग्न नोंदणीशिवायच झालेलं. तेव्हा रीतीप्रमाणे लग्न लागलं की तेवढं पुरे होतं. सिंगापुरात १९६१ साली 'विमेन्स चार्टर' हा कायदा झाला, तेव्हापासून नोंदणी लागते, आणि मुस्लिम सोडून बाकी सगळ्यांसाठी एकापेक्षा जास्त बायका करणंही त्याच कायद्याने बंद झालं. आपला हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. कागदावर दोन्ही एकाच वयाचे. पण इथे अजून मुलीचा बाप सोयाबीनचं रान विकून लग्न उरकतो, हे मी माझ्या वर्गातल्या मुलींच्या बाबतीत बघितलेलं आहे. चीनमध्ये उलट, मुलाकडच्यांनी पैसे द्यायचे. त्याचाही तिकडे इतका बोजा झाला की २०२४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पैशांच्या वादांसाठी नियम घालून दिले. विहीणबाईंनी माझ्याकडून नावाला रक्कम घेतली आणि त्यातली अर्धी रीतीप्रमाणे परत पाठवली. सोबत शेंगदाण्याची आणि तिळाची मिठाई. डबा उघडला तर आपली चिक्कीच!

सोन्याचं मात्र मी मनापासून केलं. तिओच्यू घरांत सासूने सुनेला सोन्याच्या चार वस्तू द्यायच्या असतात. चार वस्तू म्हणजे घराच्या छपराचे चार कोपरे, डोक्यावर कायम छप्पर राहो म्हणून. मी ठुशी, कुड्या, बांगड्या आणि अंगठी दिली. बांगड्या माझ्याच, हे गेल्यावर काढून ठेवलेल्या. सराफाकडे उजळून घेतल्या. अपशकुन होईल का, असं तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही घातलेल्याच हव्यात."

पाकिटांचा घोळ मात्र झाला. लाल पाकिटात पैसे घालून द्यायचे, त्याला सिंगापुरात आंगपाव म्हणतात. मी हौसेने प्रत्येकात एकशे एक डॉलर घालून ठेवले. मुलाने बघितलं आणि घाईघाईने सगळी उघडायला लावली. त्यांच्याकडे शुभकार्यात आकडा सम हवा, चांगल्या गोष्टी जोडीने येतात म्हणून. विषम रक्कम शोकाच्या घरी देतात. शिवाय चार नको, कारण चारचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो, आणि आठ चांगला, कारण तो भरभराटीच्या शब्दाजवळ. आपला वरचा रुपया वाढीचा असतो, आकडा शून्यावर थांबू नये म्हणून. दोन्हीकडे भावना एकच, आकडे मात्र उलटे. शेवटी प्रत्येकात अठ्ठ्याऐंशी घातले.

लग्नाच्या सकाळी दारावर सुनेच्या मैत्रिणी आडव्या उभ्या. आत जायचं तर आंबट, गोड, कडू, तिखट असं चारही खाऊन दाखवायचं, पाकीट द्यायचं. लिंबाला लेकाने तोंड वाकडं केलं, मिरची त्याने सहज चावून खाल्ली. दारावर लाल कागदाचं कातरलेलं अक्षर होतं, 'आनंद' हे अक्षर दोनदा जोडून केलेलं. सून लाल पोशाखात, त्यावर सोनेरी ड्रॅगन आणि फिनिक्स. संध्याकाळच्या जेवणाला तिने पैठणची पैठणी नेसली, तीही लालच.

आणि चहा. लाल रंगाच्या लहानशा वाट्या. पाण्यात लाल खजूर आणि कमळाच्या बिया. खजूर म्हणतात, पण तो खजूर नव्हे. चव घेतली आणि ओळखलं, हे आपल्या बोराच्या कुळातलं फळ. कमळाच्या बिया म्हणजेही मखाना नव्हे, पूजेच्या दुकानात कमळगट्टा मिळतो तो. यामागे सगळा उच्चारांचा खेळ आहे. बोराला 'त्साओ' म्हणतात, लवकर या शब्दाचाही उच्चार तोच. भुईमुगाच्या नावात 'शंग' आहे, म्हणजे जन्म. बोरं, शेंगदाणे, लोंगान हे लिचीसारखं फळ आणि कमळबिया पलंगावर पसरून जो आशीर्वाद होतो त्याचा अर्थ, लवकर गुणी मुलगा होवो. आपणही ओटीत खारीक, बदाम, हळकुंड घालतो, बाळाचं बोरन्हाण करतो. सगळं एकाच इच्छेसाठी. पण 'मुलगा' या शब्दाला मी तिथल्या तिथे हरकत घेतली. २०११ च्या जनगणनेत माझ्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. पटावर मुलींची नावं कमी होताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहेत. आमच्या घरात म्हणायचं तर 'लेकरू' म्हणा, असं सांगितलं. विहीणबाईंनी मान डोलावली.

खुर्च्या मी दोन सांगितल्या होत्या. पहिला मान आजींचा, त्या सगळ्यांत थोरल्या. त्यांचा चहा झाला. मग मला बोलावलं. मी बसले, शेजारी ह्यांची खुर्ची. तेवढ्यात आजी काठी टेकत आल्या, खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आजी माझ्याशेजारी बसल्या.

सून आणि लेक दोघं गुडघ्यांवर. तिने दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. "मा, छिंग ह छा." आई, चहा घ्या. आजी त्यांच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात, सून मँडरिनमध्ये 'छा', मी 'चहा'. आमचा शब्द तिच्या शब्दापासूनच आलेला.

त्या घोटाबरोबर नातं ठरतं. चहा घेतला म्हणजे सून म्हणून स्वीकारलं, आणि यापुढे ती नात्याने हाक मारणार. फोनवर ती मला आई म्हणायची, पण रीतीने ते नातं त्या घोटानंतरचं. तिचं आडनाव तिचंच राहतं. माझं नाव एकोणिसाव्या वर्षी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदललं होतं, जुन्या नावाने आता फक्त भाऊ हाक मारतो. सुनेने आधीच विचारलं होतं, "माझं नाव काय ठेवणार?" मी म्हणाले, "तुझं आहे तेच."

तिसऱ्या दिवशी माहेरी परत जायची त्यांची रीत, आपल्या मांडवपरतणीसारखी, आता त्याच दुपारी उरकतात. तीही झाली आणि महिन्याभराने दोघं अंबाजोगाईला आली.

इथे हळदीचा घाट घातला नाही. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या आणि चहा ठेवला, वाळवलेली बोरं आणि गूळ घालून. कमळगट्टा फार टणक, आदल्या दिवसापासून भिजवावा लागला. जाऊबाई आधी कुरकुरल्या. "आपल्यात असं नसतंय." मी त्यांना हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवांना कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला लावायची प्रथा ग्रामसभेत ठराव करून बंद केली, आणि सरकारने सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. "ते तिकडं," त्या म्हणाल्या. पण दिरांनी येऊन खुर्चीत बैठक मारली, मग त्याही बसल्या. सुनेने "काका, काकी, चहा घ्या," म्हटल्यावर जाऊबाईंनी वाटी घेतली आणि पहिल्याच घोटाला "बोरं हायत की गं!" म्हणाल्या.

मग मी बसले. ह्यांचा फोटो खुर्चीवर ठेवला नाही, भिंतीवर होता तिथेच राहू दिला.

शेजारच्या काकू दाराबाहेर उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, चाळीस वर्षांपासून एकट्या. कोणत्याही कार्याला त्या येतात आणि उंबऱ्यापलीकडेच थांबतात. मी दोनदा आत बोलावलं. "इथूनच बघते गं माय," म्हणाल्या. सुनेने मला हळूच विचारलं, "यांना काय म्हणायचं?" मी सांगितलं. तिने तबक उचललं, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या आत गुडघे टेकले.

"काकू, चहा घ्या."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. मग खाली बसल्या आणि वाटी घेतली. चहा संपवून त्यांनी पदराची गाठ सोडली. दहाच्या दोन नोटा आणि वर रुपयाचं नाणं. एकवीस. मी पाकिटांचा घोळ आठवून सुनेकडे पाहिलं. तिने ते पैसे दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले.