मालवा मिलमागच्या गल्लीत वामनदादा

नाशिकहून रात्री निघालेली एसटी बिजासनचा घाट मागे टाकून खलघाटला नर्मदेवर आली, तेव्हा उजाडायचं होतं. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी खिडकीतून नाणं टाकलं, हात जोडले आणि पुन्हा डोळे मिटले. मानपूरचा घाट चढला की माळव्याचं पठार लागतं. मे महिना असूनही तिथे वाऱ्याला गारवा होता. मग बाबासाहेबांच्या जन्मगावाचा, महूचा फाटा आला. गावाचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झालं असलं, तरी आमच्या घरात अजून महूच म्हणतात. बसमधून काही दिसत नव्हतं, पण मी बसल्या जागी हात जोडले.

इंदूरला उतरलो सरवटे स्टँडवर. ज्यांच्या नावाचा हा स्टँड, ते विनायक सीताराम सरवटे मध्य भारतातून संविधान सभेवर गेले होते. बाबासाहेबांची गाणी गावोगाव नेणारे लोककवी वामनदादा कर्डक, त्यांच्या पुण्यतिथीला आलेल्या माणसाचं पहिलं पाऊल या स्टँडवर पडावं, याचं मला फार बरं वाटलं.

दादांचं देशवंडी सिन्नर तालुक्यात, आमच्या घरापासून तासाभरावर. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, आणि १५ मे २००४ ला नाशिकमध्येच ते गेले. त्यामुळे दरवर्षी हा दिवस मी नाशिकलाच घालवतो. यंदा आत्याचा फोन आला, "अरे, तुमच्याकडे माईक असतो, मंडप असतो. एकदा आमच्या गल्लीतलं बघ." आत्या मालवा मिल भागात राहते. तिचे सासरे खानदेशातून इथे गिरणीत लागले आणि इथलेच झाले. आता त्या भागात भोंगे वाजत नाहीत. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या देण्याचे पैसे हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी कामगार गेले होते. आत्या हे सांगताना पोह्यांवर शेव आणि जिरावण भुरभुरत होती आणि मधेच तिचा हात थांबला.

दुपार उन्हात गेली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी गल्लीत सतरंज्या पडल्या. टेबलावर निळं कापड, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी दादांचा. पेटी, ढोलकी, दोन खंजिऱ्या. माईक नव्हता. साठ-सत्तर माणसं असतील, निम्मी पुरुषमंडळी गिरणीतून निवृत्त झालेली. आणि प्रत्येकाच्या मांडीवर वही. माझी नजर त्या वह्यांवरच खिळली. काही खाकी पुठ्ठ्याच्या, काही हिशेबाच्या लांबट, एक तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली. दादांची 'वाटचाल' आणि 'मोहळ' ही पुस्तकं माझ्याकडे आहेत, पण इथे पुस्तक कोणाकडेच नव्हतं. जळगावहून, अकोल्याहून कोणी पाहुणा आला, त्याच्या तोंडून ऐकलं, उतरवून घेतलं. एका वहीतून दुसऱ्या वहीत, तिथून तिसऱ्या. अकोला-खंडवा-महू ही मीटरगेजची गाडी चालू होती तेव्हा गाणीही त्याच गाडीनं यायची, असं पेटीवाले काका म्हणाले. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खंडवा टप्पा बंद झाला, तेव्हा त्यांना नातेवाइकाच्या घराला कुलूप लागल्यासारखं वाटलं होतं.

गाणी सुरू झाली. 'भीमा, तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे दादांचं गाणं निघालं तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मीही उभा राहिलो. दादांच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' येतो, आणि तो यायच्या आधी इथे ढोलकी थांबते. ते नाव सगळे नुसत्या आवाजात म्हणतात आणि मग ढोलकी पुन्हा उचलते. नाशिकमध्ये मी हे कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

मग एक मुलगी गायला बसली. सतरा-अठरा वर्षांची, शाळा सगळी हिंदीतून, घरात आजीशी तेवढं मराठी. आवाज मोकळा, वरच्या पट्टीत अजिबात न चिरकणारा. पण 'चळवळ' आलं आणि ती 'चलवल' म्हणाली. काकांनी पेटीचा भाता धरला.

"ळ म्हण बेटा. जीभ मागं ने, टाळूला लाव."

"चलवळ."

"आणखी एकदा. घाई नको करू."

चार वेळा झालं. कोणी हसलं नाही. पाचव्या वेळी दोन्ही ळ जागेवर बसले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दादांनाही अक्षरं अशीच मोठेपणी आली ना रे?"

खरंच होतं ते. दादा मुंबईत पोट भरायला आले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. कोणीतरी हातात पत्र दिलं, वाचून दाखव म्हणालं, आणि या धडधाकट तरुणाला रडू कोसळलं. मग मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं जमवली. त्याच माणसानं पुढे हजारो गाणी लिहिली, गावोगावच्या गायनपार्ट्यांना दिली. 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. पण सिनेमाच्या दारात ते थांबले नाहीत, वस्त्यांमध्ये गात राहिले. मला वाटतं, अक्षर उशिरा मिळालेल्या माणसालाच ते इतक्या उधळेपणानं वाटता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका, ती मुलगी, आत्या आणि मी महूला गेलो. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला, १४ एप्रिल १९९१ रोजी, स्मारकाची पायाभरणी झाली आणि २००८ मध्ये ते खुलं झालं. पांढरा संगमरवर सकाळी आठलाच डोळ्यांवर येत होता. १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी आम्ही आणि यवतमाळकडचं एक कुटुंब, एवढेच होतो. काका पायरीवर बसले आणि हलक्या आवाजात एक गाणं म्हणू लागले. मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

दोन अंतरे झाले आणि ते थांबले. "तिसरा गेला," म्हणाले. वही उघडून दाखवली. एका पावसाळ्यात छपरातून पाणी गळलं होतं, पानाचा मधला भाग निळ्या शाईचा ढग झाला होता. त्याखाली शेवटचा अंतरा शाबूत, त्यात 'वामन' स्पष्ट. ज्या पाहुण्याकडून उतरवलं तो कधीच वारला. यवतमाळच्या आजींना विचारलं, त्यांनी चाल ओळखली, पण शब्द नाही आले.

मुलीनं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. मी घरी येऊन तिन्ही पुस्तकं, 'हे गीत वामनाचे' धरून, पानपान चाळली. त्यांत ते गाणं नाही. पुढच्या रविवारी देशवंडीला जातोय. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना चाल म्हणून दाखवणार आहे. तिसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ कोणाला आठवली, तर रात्रीच इंदूरला फोन करायचं ठरलंय. काका जागे राहणार आहेत.