कोठडीतल्या मृत्यूची भरपाई कोण देतो?

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक आणि मग धरपकड झाली, आणि त्या धरपकडीत पकडला गेलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मात्र सरकारने त्याच्या श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले आणि त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सांगितले. त्याच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली, तेव्हा ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथूनही रिकाम्या हाताने परतले.

यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. कोणाला शिक्षा झाली नव्हती, आरोपपत्रही नव्हते. वाद होता तो केवळ एफआयआर नोंदवावा की नाही एवढ्यापुरता, आणि तो नोंदवला जाऊ नये यासाठी राज्याचे वकील दिल्लीत उभे राहिले. त्यांची फी तुमच्याआमच्या करातूनच दिली जाते. कोठडीतील मृत्यूंवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात पैशाचा हा धागा फारसा कोणी उलगडत नाही. मारणारा कर्मचारी असतो, भरपाई सरकार देते, आणि त्या सरकारी तिजोरीत पैसा भरणारे आपण असतो. ज्याच्या हातून गुन्हा घडला त्याच्या खिशाला किंवा नोकरीला झळ बसेल अशी वेळ फार थोड्यांवर येते.

ही परभणीचीच गोष्ट बावीस वर्षांपूर्वीही घडली होती. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला आणि त्या तपासात ख्वाजा यूनुस हा परभणीचा तरुण अभियंता पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की, त्याला औरंगाबादकडे नेत असताना वाटेत गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. तो पुन्हा कधीच दिसला नाही आणि त्याचा मृतदेहही मिळाला नाही. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागानेच तपास करून १४ पोलिसांवर खटला भरण्याची परवानगी मागितली, आणि सरकारने ती चौघांपुरतीच दिली. उरलेल्या दहा जणांना न्यायालयात उभे करायचे की नाही, हे न्यायाधीशाने नव्हे तर मंत्रालयाने ठरवले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या आईला एकूण २० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२० मध्ये, खटला रेंगाळलेला असतानाच, निलंबित पोलिसांना पुन्हा सेवेत घेण्यात आले. रक्कम दिली गेली म्हणजे राज्याने काही चुकल्याचे मान्य केले, असे आपण धरून चालतो. पण कोणाचे चुकले हा प्रश्न त्या धनादेशात कुठेच नसतो.

भरपाईचा हा मार्ग एका आईच्या पत्रातून निघाला, हे इथे सांगितले पाहिजे. ओडिशातील नीलावती बेहरा यांचा २२ वर्षांचा मुलगा १९८७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई देताना स्पष्ट केले की, मूलभूत हक्काच्या भंगात सरकारला सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही. पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली: भरपाई राज्याने द्यावी, पण ती प्रत्यक्ष दोषी असलेल्याकडून वसूल करण्याचा हक्क राज्याला राहील. म्हणजे वाट दाखवून ठेवली आहे. त्या वाटेने जायला कोणतेच सरकार फारसे उत्सुक नसते, कारण वसुली करायची तर आधी दोष निश्चित करावा लागतो, आणि दोष निश्चित करायचा तर आपल्याच माणसाविरुद्ध कागद तयार करावे लागतात.

कागद हाच या विषयाचा खरा गाभा आहे. कोठडीत काय घडले याचा पहिला कागद ज्यांच्यावर संशय आहे तेच लिहितात. स्टेशन डायरी त्यांची, अटक पंचनामा त्यांचा, लॉकअपचे रजिस्टर त्यांचे, आणि ‘छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात हलवले’ ही नोंदही त्यांचीच. बसू निकालातील अकरा सूचना या एकाधिकाराला भगदाड पाडण्यासाठीच होत्या. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख असावी, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील एखाद्या प्रतिष्ठित माणसाची आणि खुद्द अटक झालेल्याची सही असावी, नातेवाइकांना कळवले जावे, अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद व्हावी आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. यांतली एकही गोष्ट खर्चिक नाही, आणि ठाण्याच्या भिंतीवर या सूचनांचा फलक बहुधा असतोच. बऱ्याच ठिकाणी त्याच्यासमोर कपाट उभे असते.

जमिनीच्या वाटणीच्या दाव्यासाठी मला काही काळ तालुक्याच्या न्यायालयात खेपा घालाव्या लागल्या. तिथे बाकावर बसून मी रिमांडची कामे पाहिली आहेत. दोन पोलीस एका पोराला आत आणतात, त्याची मनगटे अजून त्यांच्याच हातात असतात. साहेब फाइलमधून मान वर करून विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?” पोरगा आधी डाव्या बाजूच्या हवालदाराकडे बघतो, मग खाली बघतो आणि “नाही” म्हणतो. ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ असे टंकले जाते, चार दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळतो आणि पुढचे नाव पुकारले जाते. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही. परत त्याच माणसांबरोबर त्याच गाडीत बसून जायचे असताना कोण ‘हो’ म्हणेल? साहेबांचाही दोष मी काढत नाही, त्यांच्यापुढे त्या दिवसाच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणे असतात. पण पुढे विधिमंडळात मंत्री उभे राहून ‘त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार केली नव्हती’ असे सांगतात, तेव्हा त्या मिनिटभराला पुराव्याचे मोल कसे चढते ते कळते. पोलिसांना दाराबाहेर उभे करून, अंगावरचा सदरा काढायला लावून हाच प्रश्न विचारला, तर उत्तर वेगळे येईल अशी माझी खात्री आहे, आणि त्यासाठी कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही.

डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. लॉकअप, व्हरांडे, दरवाजे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्याही त्यात आल्या. चित्राबरोबर आवाजही नोंदला जावा आणि ते चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपून ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. तरी मृत्यू झाला की कॅमेरा बंद असल्याचे ऐकू येते. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात जीवित व स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांचा माणूस ठाण्यात आहे त्यांनी तो अर्ज त्याच दिवशी टाकावा. नकार आला तरी तारखेचा एक कागद आपल्या हाती राहतो, आणि तो त्यांनी लिहिलेला नसतो.

पण मुख्य मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा, म्हणजे सिद्ध कोणी करायचे याचा आहे, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्राशी फार जवळून जोडलेला आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण घडले. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले, कारण तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे खरे धरून चालावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

कोठडीतील मारहाणीसाठी हाच न्याय लावावा, असे त्यानंतर दोनच वर्षांत सुचवले गेले होते. उत्तर प्रदेशातील एका शेतकऱ्याने पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार केली म्हणून त्याला ठाण्यात इतके मारले की तो मेला. राम सागर यादव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशा गुन्ह्याचे साक्षीदार पोलीसच असतात, म्हणून सिद्धतेच्या ओझ्याचा कायदा सरकारने तपासून पाहावा. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात पुराव्याच्या कायद्यात ११४-ब हे कलम घालण्याची शिफारस केली: माणूस ताब्यात असताना जखमी झाला, तर त्या जखमा ज्याच्या ताब्यात तो होता त्या अधिकाऱ्याने केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, आणि तसे नसेल तर ते त्या अधिकाऱ्याने दाखवावे. चाळीस वर्षे झाली. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा नव्या नावाने लागू झाला, वसाहतकालीन कायदे गेल्याची भाषणे झाली. हे कलम नव्या कायद्यातही नाही. उलट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेण्याची मुभा आहे. खटल्याच्या परवानगीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर ती मिळाली असे समजावे, ही त्याच संहितेतील तरतूद मात्र चांगली आहे, आणि तिचे श्रेय द्यायला हवे. अर्थात १२० दिवसांच्या आत स्पष्ट नकार देण्यापासून कोणी अडवलेले नाही.

हे लिहिताना पोलिसांची बाजू मला दिसत नाही असे नाही. बारा-चौदा तासांची ड्युटी, बंदोबस्तातून उसंत नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि वरून ‘डिटेक्शन’चा तगादा. अशा वेळी पट्टा हा सर्वांत स्वस्त तपास ठरतो. मला जास्त चिंता वाटते ती आपली. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. आरोप किळसवाणा होता, संताप रास्त होता. पण पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले, तेव्हा त्याचे फलक कोणी लावले नाहीत. ज्या पोलिसाला आपण बदलापूरसाठी हार घालतो, तोच पोलीस परभणीत गेल्यावर कायद्याने वागेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची, हे मला कळत नाही.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे तो करार स्वतःवर बंधनकारक करून घेणे, आजवर केलेले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अडकून लयाला गेले. दिल्लीकडून लवकर काही होईल असे मला वाटत नाही, आणि वाट पाहण्याचे कारणही नाही. पुरावा हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. ११४-ब सारखे कलम महाराष्ट्रापुरते घालायला आपली विधानसभा मोकळी आहे, फक्त राष्ट्रपतींची संमती लागेल. स्त्रियांवरील अत्याचारांसाठी केंद्रीय फौजदारी कायद्यांत राज्यापुरता बदल करणारे शक्ती विधेयक याच विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर केले होते. त्याला संमती मिळाली नाही ही गोष्ट वेगळी. पण ‘हा केंद्राचा विषय आहे’ असे तेव्हा सत्ताधारी किंवा विरोधी बाकांवरून कोणी म्हटले नव्हते. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना मी हेच लिहिणार आहे: दोन्ही बाजूंनी परभणीवर भाषणे करून झाली आहेत, आता एका कलमाचे अशासकीय विधेयक मांडा, आणि भरपाईची रक्कम दोषी ठरलेल्याच्या पगारातून आणि निवृत्तिवेतनातून वसूल करण्याचे पोटकलम त्यातच घाला.